मिकी माउसची पेपरातली रोजची पट्टी आणि ती ४५ वर्षं काढणारा माणूस

पट्टीबहाद्दर

मिकी माउस म्हटलं की काय आठवतं? हसरा चेहरा, पांढरे हातमोजे, टीशर्टवरचं चित्र. आता त्याची एखादी गोष्ट सांगा म्हटलं तर किती जणांना सांगता येईल? डोनाल्ड चिडतो, गूफी धडपडतो, आणि मिकी काय करतो तर मिकी लोगो असतो. मलाही तसंच वाटायचं.

सध्या मी त्याची अमेरिकन पेपरातली जुनी रोजची पट्टी (कॉमिक स्ट्रिप) वाचतोय, १९३० ते १९५५ मधली, आणि यातला मिकी भलताच प्राणी आहे. फाटका, आगाऊ, खिशात दमडी नाही, कुणी डिवचलं की अंगावर जाणारा, मिनीवरून जळणारा, थापा मारणारा. आणि मुख्य म्हणजे घाबरणारा. घाबरतो आणि तरी पुढे जातो, म्हणून तर वाचताना धाकधूक होते.

थोडा इतिहास सांगतो म्हणजे पुढे बोलायला बरं पडेल. १९२८ ला 'स्टीमबोट विली' ही फिल्म आली, मिकी गाजला, आणि किंग फीचर्स सिंडिकेटने (पेपरांना पट्ट्या पुरवणारी कंपनी) डिस्नेकडे पेपरसाठी पट्टी मागितली. पहिली पट्टी छापून आली १३ जानेवारी १९३० ला. मजकूर खुद्द वॉल्ट डिस्नेचा, पेन्सिल अब आयवर्क्सची, शाई विन स्मिथची. पहिली गोष्ट 'प्लेन क्रेझी' फिल्मवरून उचललेली, मिकी विमान बनवतो वगैरे, फक्त इथे तो पुढे एका निर्जन बेटावर जाऊन पडतो. थोड्याच दिवसांत आयवर्क्स स्टुडिओ सोडून गेला, मग स्मिथ एकटा काढायला लागला, वॉल्टचं म्हणणं की आता लिहायचंही तूच बघ, त्याला ते नको होतं, तोही गेला.

मग वॉल्टने पकडलं फ्लॉइड गॉटफ्रेडसनला. हा डिसेंबर १९२९ मध्ये अ‍ॅनिमेशनच्या खात्यात चिकटलेला नवखा पोरगा, दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं भरायचं काम करायचा. त्याला सांगितलं दोन आठवडे सांभाळ, तोवर दुसरा कुणीतरी शोधतो. त्याची पहिली पट्टी आली ५ मे १९३० ला, नेमका त्याचा पंचविसावा वाढदिवस. आणि हा बाबा थेट १९७५ ला रिटायर झाला. दुसरा कुणी सापडलाच नाही :)

माझं म्हणणं एवढंच आहे की मिकीला स्वभाव दिला तो या पट्टीने. फिल्ममध्ये तो नाचला, गायला, पण माणूस म्हणून (उंदीर म्हणून म्हणा हवं तर) तो घडला पेपरात. पटतंय का बघा.

उद्या बघू

वाचनखूण साठवली. पण एक कळलं नाही, स्टुडिओ तोच, मालक तोच, मग फिल्ममधला आणि पेपरातला मिकी इतके वेगळे का? सांगून सवरून केलं का कुणी?

पट्टीबहाद्दर

ठरवून कुणीच नाही हो, दोन्हीकडची गरज वेगळी होती. फिल्म सात-आठ मिनिटांची, त्यात संगीत, नाच, गमती, संपली की संपली. पुढच्या फिल्ममध्ये मिकी परत कोरा, कधी अग्निशामक दलात, कधी शेतावर, कधी बँडमास्टर. पेपरात आवाज नाही, हालचाल नाही, चार चौकटी आणि फुगे, बास. तिथे पात्राने काहीतरी बोललंच पाहिजे, आणि बोलायला लागला की त्याला मतं येतात, राग येतो, गेल्या आठवड्यात काय झालं ते लक्षात ठेवावं लागतं.

आणि सिंडिकेटचा दट्ट्या होता. सुरुवातीच्या पट्ट्या सुट्या गमतीच होत्या जवळजवळ, पण त्या काळी पेपरांना क्रमशः चालणाऱ्या साहसकथा हव्या होत्या, म्हणून किंग फीचर्सने सांगितलं की सलग गोष्ट द्या. १ एप्रिल १९३० ला 'डेथ व्हॅली'ची गोष्ट सुरू झाली. मिनीच्या काकाची इस्टेट, सोन्याच्या खाणीचा नकाशा, तो ढापायला टपलेला लबाड वकील सिल्व्हेस्टर शायस्टर आणि त्याचा हस्तक पेगलेग पीट. गॉटफ्रेडसन आला तेव्हा ही गोष्ट अर्धी चालू होती, मे महिन्यातच वॉल्टने लिखाण सोडलं आणि पुढचा सगळा पाठलाग या नवख्याच्या गळ्यात. तिथून पट्टीने जी धाव घेतली ना.

निळी शाई

मी चित्रांबद्दल बोलते कारण गोष्टींवर सगळेच बोलतील.

गॉटफ्रेडसनचा हात लहानपणी शिकारीच्या अपघातात जबर जखमी झाला होता. त्यामुळे तो मनगट-बोटांवर भिस्त न ठेवता अख्खा हात फिरवून चित्र काढायला शिकला. पत्राने चित्रकला शिकवणारे कोर्स असायचे तेव्हा, ते केले, युटातून लॉस एंजलिसला आला, सिनेमाघरात प्रोजेक्टर चालवायचा. आता त्याचा मिकी बघा, पाठीच्या कण्यापासून पायाच्या बुटापर्यंत एक लांब वळण जातं, पळताना, ढकलताना, दचकताना. अख्ख्या हाताने काढणाऱ्याची रेघ अशीच येते असं मला वाटतं, त्यात अ‍ॅनिमेशनमधली सवय मिसळलेली, की प्रत्येक पोझ सावलीत बघितली तरी कळली पाहिजे. चौकट अंगठ्याएवढी छापली तरी मिकी काय करतोय ते दिसतं.

दुसरी गोष्ट, पहिल्या दोन-तीन वर्षांत मागे फारसं काही नाही, कुंपण, झाड, डोंगर. नंतर टेड थ्वेट्स शाई चढवायला आला आणि काळा रंग बोलायला लागला. रात्रीचे सीन, भुयारं, पावसाळी धक्के. गोल गोल कानांचा उंदीर आणि मागे हे असलं वातावरण, मेळ बसायला नको खरं तर, पण बसतो, आणि उलट उंदीर इतका साधा असल्यामुळेच मागचं जग जास्त धोकादायक वाटतं.

१९३८-३९ च्या सुमाराला डोळे बदलले तेव्हा मला मात्र वाईट वाटलं. आधीच्या काळ्या डोळ्यांत जास्त खोडकरपणा होता. बुबुळं आली आणि पोरगं जरा शहाणं झालं.

नाक्यावरचा

+१ काळ्या डोळ्यांना.

कट्टर डोनाल्ड

सगळं मान्य पण मिकीला इतकं डोक्यावर घ्यायचं कारण कळलं नाही. पेपरातल्या पट्टीने फिल्मला काही दिलं असेल तर ते डोनाल्डच्या पट्टीने दिलं. ह्युई, ड्युई, लुई ही भाचेमंडळी पेपरात आली १७ ऑक्टोबर १९३७ ला, रविवारच्या 'सिली सिम्फनी'च्या पानात, अल टालियाफेरोच्या हातून. फिल्ममध्ये आली ती १९३८ ला. म्हणजे आधी पट्टी, मग पडदा. आजीबदकही टालियाफेरोचीच. डोनाल्डची रोजची पट्टी फेब्रुवारी १९३८ ला सुरू झाली, लेखक बॉब कार्प, आणि ती एका पट्टीत एक गंमत या हिशोबाने चालली, कुठे काही क्रमशः नाही, आणि तरी डोनाल्डला स्वभाव आहेच की! मग तुमचं ते क्रमशःमुळे स्वभाव येतो वगैरे कुठे गेलं?

पट्टीबहाद्दर

चांगला मुद्दा आहे, खरंच. पण डोनाल्ड पडद्यावरूनच स्वभाव घेऊन आला होता, त्याचं चिडणं पहिल्यापासून होतं, पट्टीने त्याला घर आणि भाचे दिले. मिकीकडे द्यायला काही नव्हतंच, म्हणून त्याच्या पट्टीला शून्यातून उभं करावं लागलं. आणि गंमत म्हणजे टालियाफेरो आधी मिकीच्याच पट्टीवर शाई चढवायचा, गॉटफ्रेडसनच्या हाताखाली. भाचे म्हणाल तर मिकीचे मॉर्टी आणि फर्डी १९३२ मध्येच रविवारच्या पानात येऊन बसले होते, तुमच्या तिघांच्या पाच वर्षं आधी ;)

कट्टर डोनाल्ड

मॉर्टी आणि फर्डी कुणाला आठवतात हो.

निळी शाई

हाहा, हे मात्र लागलं.

जुनाजाणता

किंग फीचर्स हे नाव वाचून थांबलो. आपण ज्याला वेताळ म्हणून वाचलं तो ली फॉकचा फँटम याच सिंडिकेटचा, त्याची पट्टी १९३६ ला सुरू झाली. त्यामुळे पट्टीचं व्याकरण ज्यांनी वेताळ वाचलाय त्यांना आपोआप कळेल. पहिल्या चौकटीत कालचं थोडक्यात, मधल्या दोनांत गाडी पुढे, शेवटच्यात अशा ठिकाणी सोडायचं की माणूस उद्या पेपर उघडलाच पाहिजे. हे आठवड्याला सहा वेळा. आणि रविवारची गोष्ट स्वतंत्र ठेवायची कारण काही पेपर फक्त रविवारचंच पान घ्यायचे, काही फक्त रोजचं, दोन्हीकडे एकच गोष्ट चालवली तर अर्ध्या वाचकांचे धागे तुटणार.

मिकीचं रविवारचं रंगीत पान १० जानेवारी १९३२ ला सुरू झालं, सहा वर्षं तेही गॉटफ्रेडसनच काढत होता, रोजचं सांभाळून, वर स्टुडिओच्या पट्टीविभागाचा प्रमुखही तोच. १९३८ पासून रविवार मॅन्युएल गोन्झालेसकडे गेला. लोक गॉटफ्रेडसनच्या ४५ वर्षांचं कौतुक करतात, मला त्या सहा वर्षांचं जास्त वाटतं.

उद्या बघू

आत्महत्येचा काहीतरी किस्सा आहे ना? मिकी जीव द्यायला जातो असं कुठेतरी वाचलं होतं, मला वाटलं कुणीतरी उठवलेलं असेल.

पट्टीबहाद्दर

खरं आहे ते. ऑक्टोबर १९३० च्या पट्ट्या, छापून आलेल्या आहेत. मिनी दुसऱ्याच एका छैलछबिल्याच्या नादी लागली असं मिकीला वाटतं आणि तो बरेच दिवस रोज एक नवा उपाय करून बघतो आणि दर वेळी काहीतरी विनोदी होऊन फसतो. कल्पना वॉल्टची होती असं गॉटफ्रेडसननेच नंतर सांगितलंय. हॅरॉल्ड लॉईड, बस्टर कीटनच्या मूक सिनेमात असले विनोद चालायचे, त्या काळाला ते खटकलं नसावं. आज वाचताना पोटात खड्डा पडतो, हसू येत नाही, निदान मला तरी नाही आलं.

सडेतोड सुमी

इथे मला थोडं बोलायचंय कारण धाग्याचा सूर फारच आरतीचा होत चाललाय. त्याच काळातल्या पट्ट्यांमध्ये आफ्रिकन लोक, रेड इंडियन, चिनी लोक कसे दाखवलेत ते पण सांगा ना. पहिल्याच बेटाच्या गोष्टीत नरभक्षक रानटी लोक आहेत, जाड ओठ, हाडं खोचलेली. साहस साहस करताना ते साहस कुणाच्या जिवावर चाललंय तेही बघावं. 'त्या काळी चालायचं' हे उत्तर मला पुरत नाही, त्या काळी ज्यांची चित्रं काढली त्यांना विचारलं होतं का कुणी?

जुनाजाणता

बरोबर बोललीस सुमी. फँटाग्राफिक्स या प्रकाशनाने २०११ पासून जे खंड काढले (रोजच्या पट्टीचे १२ आणि रंगीत रविवारचे २, संपादक डेव्हिड गर्स्टीन आणि गॅरी ग्रोथ) त्यात या गोष्टी गाळलेल्या नाहीत, सोबत लेख आणि टिपा दिल्यात. मला तेच ठीक वाटतं. गाळलं असतं तर मिकी किती धुतल्या तांदळासारखा होता असं आपण धरून चाललो असतो.

सडेतोड सुमी

गाळू नये हे मान्यच आहे काका. फक्त कौतुकाच्या धाग्यात त्याचा उल्लेख पहिल्या प्रतिसादात यावा, कुणीतरी टोकल्यावर नको.

नाक्यावरचा

मला राजकारणाचा किस्सा माहितीये तो टाकतो. १९३७-३८ मध्ये 'मेडिओका'ची गोष्ट चालू होती. मिकी हुबेहूब एका छोट्या राज्याच्या राजासारखा दिसतो, तो राजा उधळ्या, आणि त्याचा नातलग ड्यूक गादी बळकवायच्या खटपटीत. मिकीला तात्पुरता राजा म्हणून बसवतात. आता ही गोष्ट युगोस्लाव्हियात 'पोलितिका' नावाच्या पेपरात छापून येत होती, आणि तिथे तेव्हा खरंच अल्पवयीन राजा पीटर आणि त्याच्या नावाने कारभार बघणारा नातेवाईक प्रिन्स पॉल! सरकारला मिरची झोंबली, डिसेंबर १९३७ ला पट्टी बंद पाडली. उंदराला घाबरलेलं सरकार :D

उद्या बघू

काय सांगता! हे भारी आहे.

पट्टीबहाद्दर

यावरून आठवलं, १९३६-३७ ची आकाशातल्या बेटाची गोष्ट. डॉक्टर आइनमग नावाचा शास्त्रज्ञ ढगांत तरंगणाऱ्या बेटावर राहतो, त्याने अणूतली शक्ती ताब्यात आणलीये. मिकीला ती आपल्या देशासाठी हवी असते, पीटला दुसऱ्या कुणाला विकायला. आणि म्हातारा दोघांनाही देत नाही! म्हणतो जग अजून त्या लायकीचं नाही. हिरोशिमाच्या आधी आठ-नऊ वर्षं, पोरांच्या पट्टीत, आणि नायकाला चक्क नकार मिळतो. सिनेमातल्या मिकीला कुणी नाही म्हटलेलं आठवतंय का?

लिहिणारे बदलत गेले हेही सांगायला हवं. प्लॉट गॉटफ्रेडसनचे पण संवाद आधी टेड ऑस्बोर्न, मग मेरिल डी मॅरिस. १९४३ पासून बिल वॉल्श, हाच पुढे 'मेरी पॉपिन्स' सिनेमाचा सहलेखक आणि सहनिर्माता. वॉल्शला भुतंखेतं, कालप्रवास, विक्षिप्त लोक यांची भयंकर हौस. १९४७ ला त्याने ईगा बीवा आणला, भविष्यातला माणूस, ज्याची सावली पडत नाही आणि खिशातून वाट्टेल ते निघतं. काही जणांना वॉल्शचा काळ आवडत नाही, मला खूप आवडतो, फक्त त्यात मिकी थोडा बाजूला पडतो आणि बीवा भाव खाऊन जातो.

निळी शाई

मी त्या 'काही जणां'पैकी. १९३९ चा फँटम ब्लॉट (वेताळ नव्हे, मिकीचा खलनायक) वाचल्यावर बीवा म्हणजे पाणचट वाटतो. ब्लॉट बघा ना, डोक्यापासून पायापर्यंत काळा बुरखा, फक्त डोळे. काळी आकृतीच, दुसरं काही काढायचंच नाही, आणि तरी उभा राहण्याच्या ढबीवरून कळतं की हा चिडलाय की मजेत आहे. आणि त्याचा तो स्वभाव, समोर कुणी मरताना बघवत नाही म्हणून मिकीला गुंतागुंतीच्या सापळ्यात अडकवून स्वतः निघून जातो. इतका हळवा खुनी मी कुठे वाचला नाहीये.

कट्टर डोनाल्ड

बरं मग इतकं सगळं चांगलं चालू होतं तर १९५५ ला बंद का केलं?

जुनाजाणता

पट्टी बंद नाही केली, क्रमशः बंद केलं. टीव्ही आला, लोकांना गोष्ट बघायला घरातच पेटी मिळाली, सिंडिकेटने ठरवलं की पेपरात आता रोजची सुटी गंमत पुरे, तशी ऑर्डर आली. पेपरातली जागाही आकसत होती त्या काळात, छोट्या चौकटीत भुयारं आणि वादळं कशी मावणार. गॉटफ्रेडसनने पुढची वीस वर्षं गमती काढल्या, मिकी हिरवळीवर, मिकी शेजाऱ्याशी बोलतोय, मिकी पँट-टाय घालून. व्यवसाय म्हणून निर्णय बरोबर असेलही, पट्टी चालली की १९९५ पर्यंत. पण मी त्या वीस वर्षांतल्या पट्ट्या चाळल्या तर एकही लक्षात राहिली नाही.

पट्टीबहाद्दर

तेच तर माझं म्हणणं. १९५५ नंतर पेपरातला मिकीही लोगोच झाला. तोच चित्रकार, तोच हात, फक्त 'उद्या काय होणार' काढून घेतलं आणि पात्र निर्जीव.

सडेतोड सुमी

किंवा चित्रकार पन्नाशीचा झाला होता आणि थकला होता, इतकं साधंही असू शकतं.

पट्टीबहाद्दर

असू शकतं. पण शेवटच्या क्रमशः गोष्टींत तो थकलेला दिसत नाही, म्हणून मला पटत नाही.

उद्या बघू

एवढी वर्षं काम केलं आणि आम्ही नाव आज ऐकतोय, असं का?

निळी शाई

कारण पट्टीवर सही वॉल्ट डिस्नेची असायची. कायम. वाचकांना वाटायचं वॉल्ट रोज सकाळी बसून काढतो. चाहत्यांनी खणून नाव बाहेर काढलं, मुलाखती छापून आल्या, तोवर गडी रिटायर व्हायला आला होता. १९८६ मध्ये तो गेला, डिस्नेने 'लेजंड' म्हणून सन्मान केला २००३ मध्ये, कॉमिक्सवाल्यांच्या आयस्नर हॉल ऑफ फेममध्ये २००६. एक मात्र आहे, कडवटपणा नाही त्याच्या बोलण्यात. दोन आठवड्यांच्या कामाबद्दल म्हणायचा की महिनाभराने वाटलं अजून माणूस कसा सापडत नाही, दोन महिन्यांनी काळजी वाटायला लागली की चुकून सापडायचा एखादा.

कट्टर डोनाल्ड

टालियाफेरोचंही तेच झालं, बदकांची कॉमिक्स काढणाऱ्या कार्ल बार्क्सचंही. त्या काळात सगळ्या बदकांवर आणि उंदरांवर एकच सही. यावर आपलं एकमत होईल बहुतेक.

पट्टीबहाद्दर

झालं! स्क्रीनशॉट काढून ठेवतो :)

नाक्यावरचा

इटलीवाल्यांबद्दल कुणीच बोललं नाही. तिथे १९३२ पासून 'टोपोलिनो' नावाने मिकी छापून यायला लागला आणि क्रमशः बंद झाल्यावर रोमानो स्कार्पाने गॉटफ्रेडसनच्याच ढंगात नव्या लांबलचक गोष्टी काढल्या. म्हणजे अमेरिकेने सोडलेला धागा त्यांनी उचलला. तिकडच्या वाचकाला विचारलं तर मिकी म्हणजे गुप्तहेर, चटकन सांगेल.

उद्या बघू

ठीक आहे, मी विकला गेलोय. सुरुवात कुठून करू? पहिल्यापासून जाऊ का?

पट्टीबहाद्दर

पहिल्यापासून नका जाऊ, बेटाची गोष्ट कच्ची आहे, शिवाय सुमीने म्हटलं ते सगळं त्यात आहे. थेट ब्लॉट घ्या, १९३९. आवडला तर मागे येऊन 'ब्लॅगार्ड कॅसल' (१९३२-३३), मग आकाशातलं बेट. 'डेथ व्हॅली' उत्सुकता म्हणून, आणि १९३० साली छापलेल्या पट्ट्या १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत कॉपीराइटमधून मोकळ्या झाल्यात, पण नुसतं फुकट म्हणून तिथून सुरू करू नका.

निळी शाई

आणि मोबाइलवर वाचू नका प्लीज. एक पट्टी रुंदीला पूर्ण दिसली पाहिजे, चौकट चौकट सरकवत गेलात तर चौथ्या चौकटीचा धक्का बसत नाही.

सडेतोड सुमी

रोज एकच पट्टी वाचायची असा नियम करून बघा, पेपरवाल्यांसारखा. मी करून बघितला, नाही जमला :(

उद्या बघू

ब्लॉट सुरू केली काल. नियम वगैरे काही पाळला नाही, दोन सापळ्यांतून सुटलाय मिकी. हा माणूस शहरातले कॅमेरे चोरून फोडतोय कशासाठी ते इथे कुणी लिहिलंत तर बघा, धागा उडवायला सांगेन.